लोखंड लागलेली भाजी

तलासरीहून पूर्वेच्या डोंगराकडे जाणारी रिक्षा जिथं थांबते आणि रिक्षावाला "आता पाय" म्हणतो, तिथून वीस मिनिटं चढलं की जिवलीचा पाडा लागतो. पाड्यावर तीस-बत्तीस घरं. त्यात जिवलीचं घर शेवटचं, आणि घराच्या मागच्या उतारावर तिचा वाफा. दोन खाटा शेजारी शेजारी टाकाव्यात एवढाच. पण पाड्यावर कुणी नवा माणूस आला तर त्याला आधी तो वाफा दाखवत आणि मग घर. जिवलीला याचं मोठं कौतुक होतं. ती वरवर "काय त्यात, गवत तं हाय" असं म्हणायची आणि पाहुणा वाफ्याजवळ किती वेळ उभा राहतो ते दारातून बघायची.

वाफ्यात कोळीभाजी होती. दिसायला ती खरंच गवतासारखी. लांब, हिरवी, मधोमध किंचित दुमडलेली पात, जमिनीतून एका ठिकाणाहून सगळीकडे पसरणारी. पावसाच्या मध्यावर मधून एक दांडा वर येतो आणि त्याला चांदणीएवढी पांढरी फुलं लागतात. दिवाळीच्या सुमारास पात पिवळी पडते, जमिनीला चिकटते, आणि मग सात महिने तिथं काही आहे असं सांगूनही खरं वाटत नाही. मिरगाला पुन्हा तीच भाजी त्याच जागी डोकं काढते. पेरायची नाही, रोपायची नाही. बाजारात तिच्या मुळांना सफेद मुसळी म्हणतात, वाळवून डब्यात भरतात. पाड्यावर मात्र मुळांना नावच नव्हतं. मुळांशी आपलं काही कामच नाही, असं सगळे सांगायचे.

काम होतं ते पाल्याशी. कोवळी पात चिरून, कांद्यावर परतून, मूठभर तुरीची डाळ घालून शिजवली की नाचणीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. पण ती आधी देवाची. पाऊस सुरू झाला की कोळीभाजीची पहिली मूठ गावदेवीच्या ओट्यावर शिजते, सागाच्या पानावर देवापुढे ठेवली जाते, आणि त्यानंतरच घराघरात नवा पाला खायला मोकळीक. तोवर पाड्यावरचं पोरसुद्धा टाकळ्याचं पान तोंडात घालत नाही. भाजी खुडायचीही रीत आहे. बाहेरची पात घ्यायची, आतली ठेवायची, नखानं तोडायची. आणि सगळ्यांत मोठा नेम म्हणजे तिला लोखंड लावायचं नाही. रोप हलवायचंच झालं तर खैराच्या टोकदार काठीनं हलवायचं. लोखंड लागलेली भाजी देव घेत नाही.

गेली तीस वर्षं ही पहिली मूठ जिवलीच्या वाफ्यातून जात होती. पूर्वी म्हणे लोक डोंगरावर देवखडकाच्या मागून आणायचे. मग जिवलीनं घराजवळ लावली. कुठून आणली असं विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "माहेरून. खैराच्या काठीनं काढली." घराजवळ मिळते म्हटल्यावर डोंगर कोण चढतो? लोक वाफ्यावर यायला लागले आणि जिवलीचा मान वाढला.

ही मूठ देवापुढे ठेवायचं काम भिकाचं. भिका पंच्याहत्तरीचा, काटकुळा, आवाज मात्र खणखणीत. पाड्यावर तो दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. एक, त्याला सात पिढ्यांचे देव नावानिशी पाठ होते. दुसरी, त्याची पहार हरवली होती. ती हरवून तीस वर्षं झाली होती, पण लग्न असो की मयत, भिका कुठून तरी पहारेवर येणारच. बापानं उंबरगावच्या लोहाराकडून करून घेतलेली, डोक्याला तीन खाचा, तशी पहार आता होत नाही, आणि ज्यानं नेली त्याच्या हाताला घट्टे पडोत. पोरं त्याला मुद्दाम विचारायची, "भिकाकाका, पहार मिळाली काय?" आणि मग अर्धा तास गंमत बघायची. जिवली अशा वेळी उठून जायची. लोकांना वाटे, बाई मनानं मऊ आहे, म्हाताऱ्याची थट्टा तिला बघवत नाही.

जिवलीचा नवरा लडक्या जाऊन बारा वर्षं झाली होती. तो असताना आणि गेल्यावरही ती हंगामात नरपडला चिकूच्या वाडीत कामाला जायची. तिथंच तिला सुषमा दिसली. वाडीतच राहणाऱ्या मजुराची पोर. चिकूच्या कलमांसाठी खड्डे मारायला बापाबरोबर उभी राहायची आणि दोन गडी थकतील तिथं ही तिसरा खड्डा घ्यायची. जिवलीनं मनात ठरवलं की आपल्या लेकाला, मिथुनला हीच करायची. लोक म्हणाले, बंदरपट्टीची पोर जंगलपट्टीत टिकायची नाही. मिथुन भिलाडच्या बाजूला कंपनीत कामाला, पहाटे जायचा, संध्याकाळी यायचा. पोर दिवसभर कुणाशी बोलणार? पण सुषमा टिकली. सासू-सुनेचं असं जमलं की बारकी शेजारीण म्हणायची, "तुमचं भांडण कधी होतं ते तरी सांगा, मी बघायला येतां." हे सगळं इतकं सांगितलं कारण पुढं जे झालं ते या चांगल्यामधूनच झालं.

नोव्हेंबरात जिवली लेकीकडे, निलमकडे, आशागडला भात झोडायला गेली होती. सहाव्या दिवशी दुपारी परत आली. डोक्यावर निलमनं दिलेलं नव्या तांदळाचं गाठोडं होतं. घराला वळसा घालून ती मागच्या दारी आली आणि थांबली.

वाफा नव्हता. म्हणजे जागा होती, पण माती उलटीपालटी होऊन कोरडी पडली होती, ढेकळं वर आली होती आणि ज्या मातीला तीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता तिच्यात गुडघाभर खड्डा होता. खड्ड्याच्या पलीकडे फाटक्या साडीवर पांढरी, बोटाएवढी, सोललेली मुळं उन्हात पसरली होती. जिवलीला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच्या परसात आलो. तिनं मागं वळून घर पाहिलं. घर तिचंच होतं. डोक्यावरचं गाठोडं उतरवायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

आणि मग तिला ढेकळांत उभी रोवलेली पहार दिसली. डोक्याला तीन खाचा.

वाफा पाहून ती हादरली होती, पण पहार पाहून ती वाफ्याचं विसरूनच गेली. ही भिकाची पहार होती. लडक्यानं ती माळ्यावर, शेवटच्या वाशामागं, गोणपाटात गुंडाळून ठेवली होती, आणि तो मेल्यावर ती तिथं आहे हे जगात एकट्या जिवलीला माहीत होतं. तिला वाटलं होतं आपण मेल्यावर ते कुणालाच माहीत राहणार नाही.

सुषमा हसत बाहेर आली. तिचे हात मातीनं भरले होते. "आये, आलात? बघा तरी," ती म्हणाली. "दोन सालं भाजी विरळ येत होती ना, तुम्ही जीव जाळायच्या. खाली हुमणीची अळी लागली होती. मुळांत मूळ अडकून अर्धी कुजली होती. डहाणूला बायकांच्या शिबिरात सांगितलं, पात वाळली की काढायची, डोळे असलेले मुळांचे माथे रेतीत ठेवायचे, मिरगाला उंच गादीवाफ्यावर लावायचे. एकाच्या चार होतात. बघा, किती माथे वाचवले."

तिनं टोपली पुढं केली. रेतीत माथे नीट मांडून ठेवले होते, एकमेकांना लागणार नाहीत असे. "आणि ती सोललेली मुळं तुमच्या गुडघ्यांसाठी. पावडर करून दुधातून देतात म्हणे."

"पहार," जिवली म्हणाली.

"माळ्यावर मिळाली. काय पहार आहे, आये. आमच्या वाडीत अशी एक नव्हती. अशी चांगली वस्तू कशाला लपवून ठेवलीत?"

जिवलीनं गाठोडं खाली टाकलं आणि ती खड्ड्याच्या कडेला बसली. सुनेवर ओरडावं असं तिला एकदाही वाटलं नाही, हे तिला नंतर आठवून नवल वाटलं. पोरीला लोखंडाचा नेम माहीत नव्हता. सांगणार कोण? ज्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात त्या सुनेला सांगायच्या राहूनच जातात. तिनं फक्त एवढंच केलं की पहार उपटली आणि पेंढ्याच्या गंजीत खोल खुपसली. सुषमा बघत राहिली. "काय झालं, आये?"

काय झालं ते सांगायला बारकी होतीच. ती कुंपणाशी आली, तिनं खड्डा पाहिला, तोंडावर हात घेतला आणि आल्या पावली पाड्यात गेली. दिवस मावळायच्या आत भिका काठी टेकत हजर झाला. मागं दहा-बारा माणसं. भिका कितीतरी वेळ खड्ड्याकडे बघत उभा राहिला.

"कशानं खणलं?" शेवटी त्यानं विचारलं.

"पहारेनं," सुषमा म्हणाली. खोटं बोलायचं कारण तिला ठाऊकच नव्हतं.

बायांमधून हुंकार उठला. भिका खाली बसला. "तीस वर्सं लोखंड नव्हतं लागलं," तो म्हणाला. "आता या वाफ्याची भाजी देवाला नाय चालायची. या टोपलीतली पण नाय."

"मग पुढच्या साली देवाला काय?" कुणीतरी विचारलं.

"डोंगरावर देवखडकाच्या मागं भरपूर हाय," भिका म्हणाला. "जायाचं, खैराच्या काठ्या न्यायच्या, चार रोपं आणून ओट्याजवळ लावायची. वाळली पात अजून दिसंल. चार पोरं उद्या जा."

जिवलीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. डोळ्यांत लपवाछपवी नव्हती. देवखडकाच्या मागं भरपूर भाजी आहे असं तो मनापासून सांगत होता. वाफा खणला गेला याचा धक्का एवढा नव्हता. हा माणूस विसरला होता. जे त्यानं स्वतःच्या हातानं केलं, ते तो धुऊन पुसून विसरला होता, आणि पहार मात्र त्याच्या ध्यानात होती.

दुसऱ्या दिवशी पोरं गेली आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी आली. देवखडकामागं काही नव्हतं. त्याच्या वरच्या कड्याला नव्हतं. ओढ्याच्या दोन्ही अंगांना नव्हतं. पलीकडच्या पाड्याच्या हद्दीपर्यंत जाऊन आलो, म्हणाली, गवत आहे, कोळीभाजीची एक पात नाही. ऐकून लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. अख्ख्या डोंगरावरची भाजी कुणी नेली? कधी नेली? म्हातारे गप्प होते. तरणे म्हणाले, देवच कोपला, सुषमानं लोखंड लावलं म्हणून डोंगरावरची भाजीसुद्धा जमिनीत गेली. असं होतं का, असं कुणी विचारलं नाही.

मग ठरलं, ते कुणी एकानं ठरवलं नाही पण सगळ्यांनी पाळलं. भाजी मिळेपर्यंत सुषमाच्या हातचं पाणी घ्यायचं नाही. बोअरिंगवर ती आली की बाया कळशा बाजूला सरकवत. बारकीकडे तिनं वाटीभर कालवण पाठवलं, ते तसंच झाकलेलं दारात परत आलं. आपल्यामुळं पाड्याला पुढच्या साली पाला मिळणार नाही हे सुषमाच्या मनानं घेतलं. ती बोलेनाशी झाली. रेतीतल्या माथ्यांना ती रोज बघायची, पाणी न लावता, सावलीत, शिबिरात सांगितलं तसं. शनिवारी तिनं पेटी भरली.

"मी थोडे दिवस नरपडला जाते, आये," ती म्हणाली. "माझ्यामुळं तुमचा मान गेला."

मिथुन भिंतीला टेकून उभा होता. "थोडे दिवस नाय," तो म्हणाला. "मी भिलाडला खोली बघतो. इथं कशाला राहायचं? तूही चल, आये." पण आई येणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि ते जिवलीलाही माहीत होतं.

त्या दुपारी ती माळ्याखाली बसली आणि इतकी वर्षं जे आठवायचं नाही असं ठरवलं होतं ते तिनं सगळं आठवलं.

मिथुन तेव्हा रांगत होता. भादवा होता. भात अजून पोटरीत होतं, कापणी लांब होती आणि घराघरात मडकी रिकामी होती. अशा वेळी डोंगराच्या पायथ्याशी एक टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातला माणूस गुजरातीमिश्रित मराठी बोलायचा. त्याला कोळीभाजीची मुळं हवी होती. मुळांच्या एका मापाला तांदळाचं एक माप. पहिल्या दिवशी कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी भिका गेला. आपल्या पोरांनी तीन दिवस पेजेवर काढलेले भिकाला बघवले नसतील. जिवलीनं त्याला तेव्हाही दोष दिला नव्हता. देवखडकामागं पहिली पहार भिकानं मारली, देवाची माफी मागून मारली. मग सगळा पाडा लागला. खैराच्या काठीनं किती निघणार? पहारी, कुदळी, कोयते, जे लोखंड हाताला येईल ते घेऊन बाया-पुरुषांनी आठ दिवसांत डोंगर उलटा केला. माथ्यांसकट ओरबाडलं, काही मागं ठेवलं नाही. जिवलीही होती. मिथुनला पाठीला बांधून, भिका खणेल त्यामागं मुळं वेचत तिनं पोतं भरलं होतं.

शेवटच्या दिवशी टेम्पो निघायची घाई झाली. भिका पोती चढवायला धावला आणि पहार वरच राहिली. लडक्यानं ती उचलून घरी आणली, सकाळी देऊ म्हणून. सकाळी पाड्यावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या घरात भात शिजत होता आणि डोंगर उघडा पडला होता. पहार परत द्यायला गेलं असतं तर ती कुठं सापडली ते बोलावं लागलं असतं, आणि ते कुणालाच बोलायचं नव्हतं. लडक्या दोनदा निघाला आणि दोनदा अर्ध्या वाटेतून परत आला. मग त्यानं ती माळ्यावर टाकली. आणि जिवलीनं पोत्यातून पदराखाली लपवून आणलेली मूठभर मुळं, माथे असलेली, घरामागं मातीत दाबली. माहेरची, खैराच्या काठीनं काढलेली. पुढच्या मिरगाला भिका स्वतःच दारात आला होता. "जिवली, ऐकलं तुझ्याकडं भाजी हाय." त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. तिला वाटलं, तो समजून गप्प आहे. आता कळत होतं की तो त्याच दिवसापासून विसरायला लागला होता.

म्हणजे लोखंड लागलेलीच भाजी तीस वर्षं देवापुढं गेली होती. पाऊस आला होता, भात झालं होतं, पोरं जन्मली होती. हे फक्त तिला ठाऊक होतं. सांगितलं तर वाफ्याचा मान गेला, गेलेल्या लडक्याचं नाव गेलं, आणि म्हाताऱ्या भिकाचं उरलंसुरलं सगळं गेलं. नाही सांगितलं तर सकाळच्या रिक्षानं सुषमा गेली.

रविवारी सकाळी गावदेवीच्या ओट्यावर माणसं जमली होती. भाजी मागायला दुसऱ्या तालुक्यातल्या सोयऱ्यांकडे कोण जाणार ते ठरवायचं होतं. सुषमा पेटी घेऊन उतारावरून खाली येत होती, मिथुन पुढं होता. जिवली त्यांच्या मागून आली. तिच्या खांद्यावर पेंढ्याच्या काड्या लागलेली पहार होती. ओट्यापाशी येऊन तिनं ती भिकाच्या पुढं जमिनीवर टाकली. दगडावर लोखंड वाजलं आणि बोलणं थांबलं.

"या पहारेनं खणलं माझ्या सुनंनं," जिवली म्हणाली. "बघ, काका. ओळखतोस काय?"

भिका वाकला. त्यानं पहारेच्या डोक्यावरून बोट फिरवलं. एक खाच, दुसरी, तिसरी. क्षणभर त्याच्या तोंडावर आनंद दिसला, निखळ आनंद, हरवलेली गाय दारात आली की होतो तसा. "ही तर आमची," तो म्हणाला. "बापाची. कठं मिळाली?"

"तू ठेवलीस तठं. देवखडकाच्या मागं. टेम्पो निघाला त्या दिवशी."

म्हाताऱ्यांतल्या एकानं मान खाली घातली. त्याच्या शेजारच्यानं घातली. बारकी ओट्याच्या कडेला बसली आणि पदर तोंडात धरला. तरणी पोरं एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. त्यांना माहीतच नव्हतं असं कधी काही झालं होतं.

"माझा वाफा माहेरचा नाय," जिवली म्हणाली. "याच पहारेनं काढलेलीच मूठ होती ती, आपल्याच डोंगरावरची. मी चोरली. लडक्यानं पहार लपवली. तीस वर्सं तू देवाला वाहतोस ती लोखंडाचीच भाजी, काका. मी होते, तू होतास, बारकी होती. आपण सगळ्यांनी डोंगर खाल्ला आणि ही पोर एक वाफा वाचवायला गेली तं तिचं पाणी तोडलं."

भिकाचे हात पहारेवरच होते. त्याच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी वर येत गेलं, आणि जिवलीला ते बघवेना. विसरलेलं माणसाला एकदम आठवतं तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "तांदूळ लाल होता," तो एवढंच पुटपुटला. "पोरांनी मीठ घालून खाल्ला."

वाटेवर सुषमा पेटी हातात घेऊन उभीच होती.

भिकानं मान वर केली. "सुषमा," तो म्हणाला. "घसा सुकला. पाणी दे, बाय."

तिला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मिथुननं तिच्या हातातली पेटी घेतली. तांब्या मागायला ती बारकीकडे वळली, थबकली, आणि मग बारकीच उठली. आपला तांब्या आणून तिनं सुषमाच्या हातात दिला. सुषमानं बोअरिंगवरून तो भरून आणला. भिका वरून धार धरून प्याला. पाणी त्याच्या हनुवटीवरून छातीवर सांडलं, तरी तो थांबला नाही. तांब्या रिकामा झाल्यावर त्यानं तो बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याला दिला आणि सुषमाला म्हणाला, "यांना पण."

मग तो उठला. काठी ओट्याला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी पहार उचलून पाहिली. आता ती त्याला जड होत होती.

"टोपलीत किती हायत?" त्यानं सुषमाला विचारलं.

"आमच्या वाफ्यापुरते ठेवून पण खूप उरतील," सुषमा म्हणाली. "डोंगरावर लावायचे तर मुरमाड उतार बघायचा, काका. पाणी साचलं की कुजतात. आणि दोन सालं पाला खुडायचा नाही."

"दोन सालं देवाला काय मंग?" कुणीतरी मागून विचारलं.

"आमच्या वाफ्यातली मूठ," जिवली म्हणाली. "तीस वर्सं देव घेतो तीच."

भिका पहार खांद्यावर टाकायचा प्रयत्न करत होता, ती घसरत होती. मिथुन हात द्यायला पुढं झाला, पण म्हाताऱ्यानं त्याला बाजूला केलं.

"मिरगाला मी वर येन," तो जिवलीला म्हणाला. "पण खैराची काठी आणीन. ही नाय."

"हीच आण, काका," जिवली म्हणाली. "काढताना हीच होती. लावताना पण हीच असू दे."

भिकानं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं पहारेचं टोक जमिनीला टेकवलं, तिचाच आधार घेतला आणि काठी ओट्यावर तशीच सोडून तो घराकडे निघाला. दगडावर पडणारा तिचा ठोका तो वळणाआड जाईपर्यंत ऐकू येत होता.